तीन रंगांत कोरलेला हितोपदेश: मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशकांना खुले पत्र

मराठी बालपुस्तकांचे प्रकाशक, मांडणीकार आणि छपाईच्या मशीनवर उभी असणारी सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

हितोपदेशातली उंदराची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गौतम ऋषींच्या तपोवनात महातपा नावाचे मुनी राहत असतात. कावळ्याच्या चोचीतून सुटलेलं उंदराचं पिल्लू त्यांना सापडतं. मुनी त्याला रानतांदळाचे कण घालून वाढवतात. मांजर त्याच्यावर धावतं म्हणून त्याला मांजर करतात, मांजराला कुत्र्याची भीती म्हणून कुत्रा, कुत्र्याला वाघाची भीती म्हणून वाघ. 'हा मूळचा उंदीर' हे लोकांचं बोलणं वाघाला सोसत नाही, तो मुनींच्याच जिवावर उठतो आणि 'पुनर्मूषको भव' या दोन शब्दांत पुन्हा उंदीर होतो. मराठी हितोपदेश १८१५ साली सेरामपूरला छापला गेला. म्हणजे आपली छपाई नुकती चालायला लागली होती, तेव्हापासून ही गोष्ट आपल्या पुस्तकांत आहे.

या एका गोष्टीचं अख्खं चित्रपुस्तक लाकडात कोरलं ते मार्शिया ब्राउन यांनी. १९६१ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स स्क्रिबनर्स सन्स या प्रकाशनाने ते काढलं. 'वन्स अ माउस' हे नाव आणि त्याखाली 'लाकडात कोरलेली बोधकथा' अशा अर्थाची ओळ. पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डिकॉट पदक मिळालं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांची संघटना दरवर्षी उत्तम चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला हे पदक देते आणि ब्राउनबाईंना ते तीनदा मिळालं: १९५५, १९६२ आणि १९८३. तरीही आपल्याकडे बालपुस्तकांवर बोलताना त्यांचं नाव क्वचितच निघतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना वुडकट, म्हणजे लाकडात कोरलेल्या ठशाचं चित्र, म्हटलं की जपानी ठसे आठवतात, फार तर जर्मन काळी-पांढरी चित्रं. मुलांच्या पुस्तकासाठी रंगात कोरणारी बाई त्यांच्या अभ्यासात येतच नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही मुद्राचित्रण करणारे, म्हणजे ठसे कोरून चित्रं छापणारे लोक आहोत. ब्राउनबाईंच्या रंगांत काय आहे ते सांगावं, आणि तसं पुस्तक मराठीत निघायचं असेल तर छपाईत नेमकं काय सांभाळावं लागेल तेही सांगावं, यासाठी हा खटाटोप.

आधी रंग. १९६२ साली पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात ब्राउनबाईंनी आपली रंगनिवड उलगडून सांगितली होती. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचा आणि मातीचा पिवळसर हिरवा, सावल्यांचा गडद हिरवा आणि भारत म्हटलं की त्यांच्या मनात येणारा लाल. बस्स. लाल रंग त्यांनी इतर दोन रंगांना छेद देण्यासाठी राखून ठेवला, जिथे गोष्टीत हिंसा शिरते तिथे तो लागतो. जंगलाची गोष्ट लाकडात का, याचंही उत्तर त्याच भाषणात आहे: जे लाकूड कधीकाळी जिवंत होतं त्याला जंगलातल्या जगण्याविषयी काही सांगता येतं. म्हणून फळीच्या रेषा त्यांनी घासून मिटवल्या नाहीत. सपाट रंगाच्या पट्ट्यातून त्या रेषा दिसत राहतात, आणि एकही पान न काढता झाडीचा भास होतो.

रंगीत ठशांचं हिशेबशास्त्र इथे कामाला येतं. तीन ठसे, तीन पारदर्शक शाया. प्रत्येक शाई एकटी पडली की तीन रंग. दोन-दोन एकमेकींवर पडल्या की आणखी तीन. तिन्ही एकत्र पडल्या की एक. म्हणजे सात, आणि कोरा कागद धरला तर आठ. पिवळसर हिरव्यावर लाल पडला की विटकरी तपकिरी मिळतो, गडद हिरव्यावर लाल पडला की जवळजवळ काळा. हा काळा वेगळी काळी शाई लावून आलेल्या काळ्यासारखा मुर्दाड नसतो, त्याच्या कडेला लाल किंवा हिरवा डोकावतो. ज्यांनी ठसे कोरले आहेत त्यांना पान पाहताक्षणी कळतं की इथे कोणता ठसा कोणावर पडला आहे. असं पान बघत बसण्यात मोठा आनंद आहे आणि मुलं ते फार लवकर शिकतात.

याच वाटेवरचं दुसरं उदाहरण एड एम्बर्ली यांचं. 'ड्रमर हॉफ' हे त्यांचं १९६७ चं पुस्तक, शब्द बार्बरा एम्बर्ली यांचे, कॅल्डिकॉट पदक १९६८ चं. पाइनच्या फळ्यांवर कोरून राइस पेपरवर ठसे काढले आणि लाल, पिवळी, निळी अशा तीनच शायांतून तेरा रंगांचा भास उभा केला. सपाट रंगांच्या सातांपुढे जायचं तर शायांच्या फिकट छटाही मध्ये आणाव्या लागतात, पण तत्त्व तेच: एका शाईतून दुसरी दिसली पाहिजे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघावीत. एम्बर्लींची पानं जत्रेसारखी गजबजलेली आहेत, ब्राउनबाईंनी रंग मुठीत धरून ठेवला आहे. आम्हाला ब्राउनबाईंचा हात जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यांनी रंगाला गोष्टीत काम दिलं आहे.

ब्राउनबाई हे कुठे शिकल्या? जन्म १९१८, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. १९४३ ते १९४८ या काळात त्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत मुलांच्या विभागात होत्या, मुलांना गोष्टी सांगत होत्या. न्यू स्कूलमध्ये त्यांनी लुई शांकर यांच्याकडे वुडकटचे धडे घेतले. शांकर हे अमेरिकेत रंगीत वुडकट रुजवणाऱ्यांपैकी. पुढे 'हाउ, हिप्पो!' (१९६९) आणि 'ऑल बटरफ्लाइज' (१९७४) ही पुस्तकंही त्यांनी लाकडातच केली. प्रत्येक गोष्टीला तिचं माध्यम शोधायचं हा त्यांचा बाणा होता. त्यामुळे त्यांची दोन पुस्तकं एकाच हातची वाटत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच वुडकटवाल्यांनीही त्यांना पुरतं आपलं म्हटलं नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. 'वन्स अ माउस' ऑफसेटवर, म्हणजे ठशांवरून थेट नव्हे तर प्लेटवरून मशीनवर, छापलेलं आहे. लाकडी ठशावर दाट शाई बसते, ऑफसेटची शाई पातळ आणि पारदर्शक, दोघींचं वागणं निराळं, हे ब्राउनबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रूफ, म्हणजे नमुन्याच्या छापा, छपाईच्याच शाईत काढली, रंग स्वतः मिसळले आणि मिश्रणाची ढोबळ प्रमाणं छापणाऱ्याच्या हाती दिली. आमच्या मते सगळं मर्म या एका सवयीत आहे. आपल्याकडे चित्रकार कागदावर छापलेलं तयार चित्र देतो, त्याचा फोटो निघतो, तो चार रंगांत फुटतो आणि आर्ट पेपरवर छापला जातो. वुडकटच्या बाबतीत याने घात होतो. का, ते सविस्तर सांगतो.

फोटोसारखं छापलेलं वुडकट भिंगाखाली धरा. कोरलेली कड सरळ असायला हवी, तिथे चार रंगांच्या टिपक्यांची झालर दिसेल. फळीच्या बारीक रेषा, ज्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतात, त्या टिपक्यांच्या जाळीत विरघळून करड्या होतात. सपाट लाल हा मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्याच्या टिपक्यांतून जुळवलेला, त्यामुळे चारपैकी एक प्लेट जरा हलली की लालाला गुलाबी किनार येते. चकचकीत कागदावर शाई वर तरंगते आणि ठशाचा कोरडेपणा जातो. चित्र वुडकटचं असूनही पान वुडकटचं राहत नाही.

योग्य पद्धत अशी. चित्रकाराने प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा कोरायचा आणि प्रत्येक ठशाची छाप काळ्या शाईत, गुळगुळीत पातळ पांढऱ्या कागदावर द्यायची. एका जोडपानाला तीन काळ्या छापा. त्या स्कॅन करायच्या त्या रेषाचित्र म्हणून, १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके), निव्वळ काळं आणि पांढरं, मधल्या करड्या छटांशिवाय. स्कॅन करताना काळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे ठरवायची हे चित्रकाराशेजारी बसून ठरवा. काळं जास्त धरलं की फळीच्या रेषा बुजतात, पांढरं जास्त धरलं की सपाट रंगाला भोकं पडतात. एका पुस्तकाच्या सगळ्या छापांना एकच सीमा ठेवा, नाहीतर पानागणिक लाकूड बदलल्यासारखं दिसेल. मग तीन प्लेट, तीन मिसळलेल्या शाया. संगणकावर तिन्ही रंगांना ओव्हरप्रिंट, म्हणजे एका रंगावर दुसरा छापू देणारी खूण, लावलेलं आहे ना ते तपासा. हे राहून गेलं तर वरचा रंग खालच्या रंगात आपल्या आकाराची खिडकी पाडतो, सातांचे तीनच रंग उरतात आणि प्रत्येक कडेला पांढरी फट दिसते. रंगीत वुडकटचा जीव या एका खुणेवर जातो.

शाई मिसळताना पांढरी घालून रंग फिकट करू नका. पांढरी शाई झाकते, आणि झाकली की खालचा रंग मेला. फिकट करायला ट्रान्सपरंट व्हाइट वापरा, नाव व्हाइट असलं तरी ती पारदर्शक असते. मिश्रण वजनाने करा आणि लिहून ठेवा. पिवळसर हिरव्यासाठी १०० ग्रॅममध्ये पिवळा ८०, निळा ५, लाल ५ आणि ट्रान्सपरंट व्हाइट १० इथून सुरुवात करता येईल. तो लाल रंग लहानसा दिसतो, पण त्यानेच पोपटीपणा मरतो आणि मातीचा रंग येतो. चमचाभर मिश्रण प्रत्यक्ष छपाईच्याच कागदावर पातळ ओढून, वाळू देऊन बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत बिनकोटेड कागदावर बराच फरक पडतो, वाळल्यावर तो मंदावतो.

कागद मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला बिनकोटेड, किंचित पिवळसर, १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला १२० ग्रॅमच्या) पुढचा. त्याहून पातळ घेतला तर मागच्या पानाचा गडद हिरवा पुढे दिसतो. कागदाचा धागा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर असू द्या. धाग्याच्या आडव्या दिशेने कागद ओलाव्याने फुगतो, आणि एकरंगी मशीनवर तीन फेऱ्या होणार असतील तर पावसाळ्यात पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, हमखास सरकतं. कागद मशीनच्या खोलीत दोन दिवस आधी आणून ठेवा आणि फेऱ्यांच्या मध्ये गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळा. क्रम फिकटाकडून गडदाकडे: पिवळसर हिरवा, मग लाल, शेवटी गडद हिरवा. दोन रंगी मशीनवर ओल्यावर ओलं छापलं तर दुसरी शाई पहिलीवर पुरती बसत नाही, जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे ठिपक्या-ठिपक्यांचं मळकट दिसतं. सगळ्यांत मोठा सपाट रंग आधी छापून वाळू दिला तर हे टळतं.

तरीही रजिस्टर थोडं हलणारच. त्याची तजवीज कोरतानाच करायची असते. फिकट रंगाचा आकार गडद रंगाच्या खाली एक मिलिमीटरभर सरकवून ठेवायचा, म्हणजे मशीन अर्धा मिलिमीटर चुकलं तरी फट पडत नाही. जिथे वाघाच्या अंगावरचा पट्टा कोरा कागद म्हणून ठेवायचा तिथे तिन्ही ठशांत ती जागा कोरून काढावी लागते, आणि तीन ठिकाणी कोरलेली रेघ तंतोतंत जुळणं कठीण. अशा जागी एका ठशातली रेघ जरा बारीक आणि दोघांतली जरा रुंद ठेवली की डोळ्याला एकच कड दिसते. हे कोणी पुस्तकात लिहीत नाही, हाताला कळतं.

ठसे कोरणाऱ्या तरुण चित्रकारांसाठी चार शब्द, कारण प्रकाशक त्यांनाच विचारणार आहेत. पहिल्या ठशावरून दुसऱ्या-तिसऱ्यावर आकार उतरवायला प्लास्टिकच्या फिल्मवर भरपूर शाईची छाप घ्या आणि ओली असतानाच ती पुढच्या फळीवर ठेवून घासा. ट्रेसिंग पेपर शाईने आणि घामाने ताणला जातो, फिल्म ताणली जात नाही. फिल्म आणि फळी दोन्ही एकाच काटकोनी गुण्याच्या कोपऱ्यात बसवा. तिन्ही फळ्या एकाच मापाच्या आणि एकाच पाट्यातून कापलेल्या हव्यात. फूटभर रुंदीची सबंध लाकडाची फळी मे ते ऑगस्ट या काळात दोन-तीन मिलिमीटर फुगते, आणि तेही एकाच दिशेने, त्यामुळे उन्हाळ्यात कोरलेला ठसा आणि पावसाळ्यात कोरलेला ठसा एकमेकांना बसत नाहीत. संगणकावर ओढून जुळवलं तर चित्र वेडंवाकडं होतं. प्लायवूड फारसं हलत नाही, पण हलक्या प्लायचा वरचा पापुद्रा आडव्या रेघेत उडतो. तिथे आधी चाकूने कड कापून मगच गोल पटाशी लावावी.

लाकडाची निवड रेषेसाठी करा. पाइनमध्ये मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून येतात. तारेचा ब्रश रेषेच्या दिशेने फिरवला की मऊ भाग खाली जातो आणि कडक रेषा उठून छापतात. जंगल, पाणी, आभाळ यांना हे लाकूड द्यावं. शिवण या झाडाचं लाकूड हलकं आणि एकसारखं, चेहरे आणि बोटं त्यात चांगली निघतात. सागात सूक्ष्म छिद्रं असतात, ती सपाट रंगात पांढऱ्या बारीक रेघांसारखी दिसतात, काहींना आवडतात. एकाच पुस्तकात गडद ठशाला शिवण आणि फिकट ठशाला पाइन असं करायला हरकत नाही, फक्त मग कोरणं आणि छापणं एकाच ऋतूत संपवा. बारीक रेघांच्या मध्ये दीड-दोन मिलिमीटर खोली पुरते, पण मोठ्या मोकळ्या जागेत चार मिलिमीटर खाली जा, नाहीतर रोलर तळाला टेकतो आणि काळ्या छापेत कचरा येतो. तो कचरा स्कॅनवर पुसता येतो खरा, पण पुसणारा माणूस हमखास त्याबरोबर लाकडाची रेषाही पुसतो.

खर्चाचा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. ३२ पानांचं पुस्तक, एका बाजूला आठ पानं असा फॉर्म (छपाईचा मोठा ताव) धरला तर छपाईच्या चार बाजू होतात. चार रंगांना १६ प्लेट, तीन रंगांना १२. मॅपलिथो आर्ट पेपरपेक्षा महाग पडेलच असं नाही. वाढतो तो शाई बदलताना मशीन धुण्याचा आणि रंग मिसळण्याचा वेळ. त्याला तोड एकच: एकाच तीन शायांत दोन पुस्तकं पाठोपाठ छापा. गोष्टी वेगळ्या असू द्या, शाया त्याच. हितोपदेशाची आणि लोककथांची लहान मालिका अशीच काढता येईल, आणि मालिकेला आपोआप एक चेहरा मिळेल.

ठशांची चित्रं मुलांच्या हाती देण्याची पद्धत भारतात नवी नाही. रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या १९३० च्या बंगाली वाचनपुस्तकात नंदलाल बसूंची लिनोकट (लिनोलियममध्ये कोरलेल्या ठशांची) चित्रं आहेत, काळ्या-पांढऱ्यातली, आणि बंगाली मुलांच्या पिढ्या ती बघत अक्षरं शिकल्या. आपल्याकडे रंगीत छपाईचा वारसा शिळाप्रेसचा आहे. पुण्याचा चित्रशाळा प्रेस १८७८ चा, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा, दोघांनीही दगडावरून एकापाठोपाठ एक रंग चढवले. एका रंगावर दुसरा रंग तोलून टाकण्याची नजर तिथल्या कारागिरांकडे होती. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मुद्राचित्रणाचं शिक्षण आजही मिळतं. ठसे कोरता येणारी मुलं आहेत. त्यांच्याकडे पुस्तकाचं काम घेऊन कोणी जात नाही.

म्हणून आमच्या मागण्या. परदेशी वुडकट पुस्तकाची मराठी आवृत्ती काढत असाल तर छापील प्रत स्कॅन करू नका, टिपक्यांवर टिपके पडून जाळी उमटते. करारातच रंगनिहाय वेगळ्या फाइल आणि शायांचे क्रमांक मागून घ्या. नव्या पुस्तकात ठसे कोरणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर घाला, आणि शेवटच्या पानावर लाकूड, शाया आणि कागद यांची एक ओळ द्या. ठसे चित्रकाराच्या मालकीचे राहतील असं लिहून द्या, कारण त्यांवरून हाताने काढलेले ठसे विकून त्याला पुस्तकाच्या मानधनाला जोड मिळते. आणि पहिल्या पुस्तकाच्या वेळी मशीन सुरू होण्याआधी चित्रकाराला छापखान्यात बोलवा, त्याच्या हाती वजनकाटा द्या, पहिले शंभर ताव त्याच्यासमोर काढा आणि तो सही करेपर्यंत मशीन पुढे चालवू नका.

यातलं स्कॅनिंग, प्लेट आणि शाईचं मिश्रण करून दाखवायला आमच्यातले लोक तुमच्या छापखान्यात येतील. येताना तीन ठसे सोबत आणू, कागद तुमचा आणि मशीन तुमचं.

आपले,
लाकडात काम करणारे काही मुद्राचित्रकार